रुळांवरचा भार हलका करणारा माणूस

नगरच्या आमच्या घराच्या माडीवर, प्लायवूडच्या एका फळीवर, मी बार्शीच्या छोट्या रेल्वेची प्रतिकृती उभारतो आहे. इंजिन आणि डबे हौसेने आधीच जमवले होते. रूळ मात्र बाजारातून तयार आणले, चिकटवले आणि गाडी सोडली. गाडी धावली, पण अगदी खेळण्यासारखी! चूक कुठे झाली हे शोधता शोधता मी ज्यांच्या आयुष्यापर्यंत पोहोचलो, ते या रेल्वेचे जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप.

नगरकराला बार्शीच्या गाडीचे वेड कसे, असे कुणी विचारील. आमच्या जिल्ह्याला दौंड-मनमाड मार्गाने १८७८ मध्येच मोठी रेल्वे मिळाली. पण जामखेडकडची गावे त्या रुळांपासून दूरच राहिली. माझी आजी जामखेडची. आषाढीला ती बैलगाडीने बार्शी गाठायची आणि तिथून छोट्या गाडीने पंढरपूर. त्या प्रवासाच्या गोष्टी ऐकतच मी वाढलो.

कॅलथ्रॉप यांचा जन्म १८५७ चा, इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यातला. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या नावाने चालणाऱ्या कारखान्यात त्यांनी कामाला सुरुवात केली. १८८२ मध्ये ते जीआयपी रेल्वेत इंजिन तपासनीस म्हणून हिंदुस्थानात आले. इथे त्यांना दिसले ते असे : मोठी रेल्वे मोठ्या शहरांना जोडत होती, पण बार्शीसारख्या कापसाच्या आणि धान्याच्या पेठेतला माल स्टेशनपर्यंत बैलगाड्यांनीच रखडत जात होता. तिथे मोठ्या मापाची रेल्वे न्यायची, तर खर्च परवडणारा नव्हता.

हा खर्च का वाढतो? इंजिनाचे जड चाक जिथे टेकते, तिथे भार एकवटतो. म्हणून रूळ जाड हवेत, पूल भक्कम हवेत. कॅलथ्रॉप यांनी हे गणित उलट्या बाजूने मांडले. इंजिन असो की मालडबा, चाकांच्या कोणत्याही एका जोडीवर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही; चाके वाढवायची आणि ओझे सर्वांना सारखे वाटून द्यायचे. मग यार्डाला तीस पौंडांचे, म्हणजे मीटरला सुमारे पंधरा किलोंचे हलके रूळही पुरतात. दोन रुळांतले अंतर ठेवले अवघे अडीच फूट.

ही कल्पना पटवायला त्यांना वर्षानुवर्षे खटपट करावी लागली. इंग्लंडात लीड्सजवळ प्रत्यक्ष रूळ टाकून त्यांनी आपल्या गाड्या लोकांना दाखवल्या. १८९५ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी ही गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली, १९११ मध्ये लातूरला.

हे सगळे वाचले आणि माझी चूक उमगली. मी गाडी निवडली होती, पण जिच्यासाठी ती जन्मली ती वाट विसरलो होतो. मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाने प्रतिकृती करायची, तर अडीच फुटांचे होतात जेमतेम नऊ मिलिमीटर. या मापाचे तयार रूळ मिळतात. पण ते असतात मोठ्या रेल्वेच्या अगदी चिमुकल्या प्रतिकृतींसाठी. त्यांचे स्लीपर आखूड आणि दाटीवाटीने बसवलेले. मी ते काढून टाकले. लाकडी पट्ट्यांचे लांब स्लीपर कापले, मोकळे अंतर ठेवून मांडले. त्यांवर मिलिमीटरभर उंचीचे बारीक रूळ बसवले. रुळांच्या कडांना गंजाचा तपकिरी रंग दिला आणि माथा तेवढा पुसून चकचकीत ठेवला. काळ्या दगडाची कच चहाच्या गाळणीने चाळून पसरली. पाण्यात पातळ केलेला पांढरा डिंक, त्यात थेंबभर साबण, आणि ड्रॉपरने तो हळूहळू मुरवला. मधूनमधून वाळके गवत लावले. आता गाडी तीच, पण बार्शीची वाटू लागली!

कॅलथ्रॉप यांचे पुढचे आयुष्यही असेच भार पेलण्याच्या विचारात गेले. १९०४ मध्ये इंग्लंडात त्यांनी अशीच एक छोटी रेल्वे उभी केली. तिच्या एका इंजिनाला त्यांचेच नाव होते. १९१० मध्ये त्यांचे मित्र चार्ल्स रोल्स विमान कोसळून गेले. त्या धक्क्यानंतर कॅलथ्रॉप हवाई छत्रीच्या मागे लागले. छत्री तयार झाली, चाचण्याही झाल्या. पण पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना ती सर्रास दिली गेली नाही. अरबी घोडे हाही त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. घोड्याला मित्र मानून वागवावे, असे सांगणारे पुस्तक त्यांनी लिहिले. १९२७ च्या मार्चमध्ये ते गेले. त्याच वर्षी त्यांची रेल्वे मिरजेला पोहोचली.

१९५४ मध्ये ती सरकारी मालकीची झाली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे छोटे रूळ जाऊन रुंद रूळ आले. ते योग्यच झाले. गरज वाढली होती. पण दुर्बळ जमिनीला दोष न देता गाडीचे पाऊल हलके करणारा तो विचार विसरू नये, असे वाटते. माडीवरच्या फळीच्या टोकाला मी पंढरपूरची पाटी लावली आहे. गाडी तिथे थांबते, तेव्हा आजी उतरली असे क्षणभर वाटून जाते.