रमाईच्या चाळीचा इतिहास कोण लिहिणार?

दरवर्षी ७ फेब्रुवारी आली की बोईसर, तारापूर, पालघर परिसरातल्या आपल्या वस्त्यांमध्ये निळे झेंडे लागतात. विहारात माता रमाईच्या प्रतिमेला हार घातला जातो, त्रिसरण-पंचशील होते, खीर वाटली जाते आणि मग भाषणे सुरू होतात. भाषण करणारे बहुतेक पुरुष. मीही त्यातलाच एक. वर्षानुवर्षे मी एकच भाषण करत आलो. रमाईने शेण्या थापल्या, उपास काढले, चार लेकरे गमावली, पण तक्रार केली नाही, म्हणून ती त्यागमूर्ती. समोर बसलेल्या बाया डोळ्यांना पदर लावतात. आम्ही टाळ्या घेऊन घरी जातो आणि घरच्या बाईकडे पाणी मागतो.

वकिली करणाऱ्याला एक सवय लागते. कोणी घटना सांगितली की तो कारण विचारतो. रमाईच्या आयुष्याबद्दल हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. चार लेकरे गेली, हे खरे. पण का गेली? नशिबाने गेली असे म्हणणे बाबासाहेबांच्या अनुयायाला शोभत नाही. त्यागाने गेली असेही म्हणता येत नाही, कारण कोणतीही आई आपले लेकरू त्याग म्हणून देत नाही. म्हणून रमाईचे आयुष्य पुन्हा एकदा, तिच्या घरापासून आणि तिच्या चाळीपासून पाहिले पाहिजे.

रमाईचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा, दापोली तालुक्यातील वणंद गावचा. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आई रुक्मिणी लवकर गेली, मागोमाग वडीलही गेले. सातपाटी किंवा दांडीहून डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या बाईला आपण रोज पाहतो. माशाचे ओझे वाहणाऱ्याच्या घरात काय शिल्लक राहते, हे आपल्या किनारपट्टीला सांगावे लागत नाही. पोरकी झालेली भावंडे नातेवाईकांबरोबर मुंबईत भायखळ्याला आली. १९०६ साली, आठ-नऊ वर्षांची असताना, रामीचे लग्न सुभेदार रामजी आंबेडकरांच्या भीमरावाशी झाले. वऱ्हाड भायखळ्याच्या बाजारात उतरले होते. दिवसभराचा बाजार उठल्यावर रात्री, मासळीच्या ओट्यांच्या आधाराने हे लग्न लागले. खालून गटाराचे पाणी वाहत होते. सकाळी बाजार भरण्यापूर्वी जागा मोकळी करून द्यावी लागली. ज्या समाजाला मंगल कार्यालय नव्हते, त्या समाजाचे हे लग्न होते.

लग्नानंतर परळची एक खोली, मग पोयबावडीतली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ. ही ट्रस्ट का जन्माला आली, तेही पाहिले पाहिजे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसे मेली, हजारो शहर सोडून पळाली, गिरण्या ओस पडू लागल्या. तेव्हा सरकारला गरिबांच्या वस्तीची आठवण झाली आणि १८९८ मध्ये, म्हणजे रमाईच्याच जन्मवर्षी, ही ट्रस्ट स्थापन झाली. तिने बांधलेल्या चाळींना आपण बी. आय. टी. चाळी म्हणतो. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या समोरासमोरच्या दोन खोल्या म्हणजे बाबासाहेबांचे घर. एका खोलीत संसार, दुसऱ्या खोलीत पुस्तके आणि येणारी-जाणारी माणसे. नळ आणि संडास सगळ्यांत मिळून. १९३४ पर्यंत, सुमारे दोन तपे, या महामानवाचा पत्ता हाच होता. आपण या खोलीला बाबासाहेबांची खोली म्हणतो. पण बाबासाहेब त्यातली कितीतरी वर्षे परदेशात होते. १९१३ ते १९१७ अमेरिका आणि लंडन, १९२० ते १९२३ पुन्हा लंडन, १९३० नंतर गोलमेज परिषदा. मधल्या काळात कोर्ट, कॉलेज, सभा, दौरे. मग या खोलीत चोवीस तास कोण होते? रमाई होती. थोरल्या जाऊबाई लक्ष्मीबाई होत्या. घरची मुले होती. त्या चाळीचा इतिहास हा मुख्यतः बायकांचा इतिहास आहे आणि तो लिहायचा राहून गेला आहे.

सासरे रामजी सुभेदार २ फेब्रुवारी १९१३ ला गेले. त्याच वर्षी बाबासाहेब बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला निघाले. रमाईच्या मांडीवर तेव्हा वर्षाच्या आतला यशवंत. मिळवते हात कमी आणि खाणारी तोंडे जास्त. घरातून कोलंबियाला पैसे पाठवायचे नाहीत एवढेच नव्हे, तर इथली अडचणही तिकडे कळवायची नाही, हे त्या घराचे धोरण होते. मी धोरण हा शब्द मुद्दाम वापरतो. आपण त्याला सोशिकपणा म्हणतो. पण काय खर्चायचे, काय राखायचे, कोणाकडे उसने मागायचे आणि कोणाकडे नाही, हे रोज ठरवणारी बाई नुसती सोसत नसते, ती कारभार करत असते. बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पगार हातात येऊ लागला, तेव्हाही पुढच्या लंडनच्या शिक्षणासाठी शिल्लक टाकण्याची काटकसर त्या खोलीतच झाली. डी. एस्सी. आणि बॅरिस्टर या पदव्यांच्या मागे एका अर्थशास्त्राचा अभ्यास आहे, तसे दुसरे अर्थशास्त्रही आहे. ते पोयबावडीच्या चुलीवर चालत होते.

आता त्या चार लेकरांकडे येऊ. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. यशवंत तेवढा जगला. धाकटा राजरत्न १९ जुलै १९२६ रोजी गेला आणि त्या दुःखाने बाबासाहेबही कोलमडले. आपण हे सांगतो आणि थांबतो. पण त्याच काळातल्या मुंबईचे आकडे पाहा. १९२१ च्या सुमारास मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावत होती, आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हे प्रमाण सर्वाधिक होते. एकाच खोलीत चूल, धूर, ओल, आजारी म्हातारा आणि बाळंतीण. गिरणीत कांड्या भरायला जाणारी बाई बाळाला बाळागोळी देऊन निजवायची. तिच्यात अफू असायची. बाळंतपणाची रजा नव्हती. रजा घेतली तर रोजी गेली. म्हणजे रमाईच्या घरात जे घडले ते शेजारच्या खोलीतही घडत होते, खालच्या मजल्यावरही घडत होते. ते एका त्यागमूर्तीचे दैव नव्हते, ती एका वस्तीची आणि एका वर्गाची गोष्ट होती. रमाईला आपण एकटी करून मखरात बसवली आणि तिच्या शेजारणींना विसरलो. त्यामुळे तिच्या दुःखाचे कारणही विसरलो.

बाबासाहेब मात्र विसरले नाहीत. राजरत्नाला जाऊन दोन वर्षे झाली होती. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात गिरणीतल्या स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा देणारे विधेयक आले. बाबासाहेबांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि बाईच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने तो भार उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये हा कायदा झाला. १९३८ मध्ये संततिनियमनाचा ठरावही त्यांच्या पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात आणला. त्यांच्या गैरहजेरीत तो प्रभाकर रोहम यांनी मांडला. ठराव फेटाळला गेला. पुढे हिंदू कोड बिल आणि १९५१ चा राजीनामा हा इतिहास सर्वांना पाठ आहे. या माणसाने स्त्रीचा प्रश्न केवळ ग्रंथालयात शिकला नव्हता. तो ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांमधल्या अरुंद वाटेत रोज पाहिला होता, असे मी मानतो.

रमाई फक्त घरातच होती असेही नाही. १९२८ मध्ये मुंबईत आपल्या स्त्रियांची संघटना उभी राहिली, तेव्हा अध्यक्षपद तिच्याकडे आले. धारवाडला हवापालटासाठी गेली असता तिथल्या वसतिगृहातली मुले उपाशी आहेत हे पाहून तिने हातातले सोन्याचे दागिने काढून दिले आणि मुलांच्या पोटाची सोय केली, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. ही गोष्टही आपण दागिन्यांवर संपवतो. एका बाईने कोणाची परवानगी न मागता निर्णय घेतला, हा तिचा खरा मुद्दा आहे.

रमाई देवभोळी होती, हे लपवण्याचे कारण नाही. उपासतापास करायची. पंढरपूरला जाण्याची तिची फार इच्छा होती. जिथे आपल्या माणसांना दाराबाहेर उभे करतात तिथे जायचे नाही, आपण आपल्या सेवेने दुसरी पंढरी उभी करू, अशी बाबासाहेबांनी तिची समजूत घातली. ती बौद्ध झाली नाही, कारण तेवढे आयुष्यच तिला मिळाले नाही. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले, पुस्तकांना प्रशस्त जागा मिळाली, पण तिचे शरीर तोवर खंगले होते. २७ मे १९३५ रोजी राजगृहात तिचे निधन झाले. वय अवघे सदतीस. हजारो माणसे अंत्ययात्रेला लोटली. त्यानंतर पाच महिने व्हायच्या आतच, १३ ऑक्टोबरला, येवल्याची घोषणा झाली. पाकिस्तानविषयक आपला मोठा ग्रंथ बाबासाहेबांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला. पैसा आणि मित्र दोन्ही नसलेल्या दिवसांत तिने धीराने दिलेली साथ त्यांनी त्यात नोंदवून ठेवली. तिचे ऋण त्यांनी कागदावर आणले. आपण ते अजून आणलेले नाही.

चळवळीतल्या बायकांचा इतिहास लिहिलाच गेला नाही असे मात्र नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी गावोगाव, वस्तीवस्तीत जाऊन आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठले, त्यांच्याशी बोलल्या आणि १९८९ मध्ये आम्हीही इतिहास घडवला हे पुस्तक सिद्ध केले. महाडला, नाशिकला, नागपूरला गेलेल्या कित्येक जणींची नावे त्या पुस्तकामुळे वाचली. दोघी गेल्या नसत्या, तर त्या म्हाताऱ्यांबरोबर तो इतिहासही सरणावर गेला असता.

आणि आपल्या बोईसरचे काय? तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे एमआयडीसी आली आणि कारखान्यांच्या आसपास चाळी, खोल्या, झोपड्या वाढल्या. कोकणातून, मराठवाड्यातून, विदर्भातून माणसे आली. पुरुष कारखान्यात लागला, त्याची नोंद हजेरीपटावर झाली. त्याच्याबरोबर आलेल्या बाईने पाणी आणले, पोरे वाढवली, ठेकेदाराकडे रोजाने काम केले, विहारासाठी वर्गणी गोळा केली, मोर्चात सर्वांत पुढे उभी राहिली. तिची नोंद कुठे आहे? नवरा वारला की ती माझ्या टेबलापुढे प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बसते. खोलीची पावती नवऱ्याच्या नावे, वीजबिल नवऱ्याच्या नावे. तीस वर्षे जिथे ती राबली, त्या घरात ती होती याचा एक कागद सापडत नाही. मग वाद सुरू होतो.

कायदा काही बाबतीत तिच्या बाजूने आला आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या ज्येष्ठ स्त्रीचे नाव असले पाहिजे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला, आणि तो वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लागते. बाळंतपणाची रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २०१७ मध्ये २६ आठवड्यांची झाली, पण ठेकेदाराच्या हाताखालच्या बाईपर्यंत ती किती पोचते हे आपल्या वस्तीत विचारून पाहा. रमाईच्या नावाने शासनाची घरकुल योजना आहे. त्या घरकुलाच्या कागदावर आपल्या घरच्या रमाईचे नाव आहे का, हेही तपासा. नसेल तर जयंतीच्या भाषणाआधी ते काम करा.

दुसरे काम वहीचे आहे. येत्या ७ फेब्रुवारीला डीजेच्या खर्चातून एक जाड वही विकत घ्या. विहारात वस्तीतल्या सत्तरी ओलांडलेल्या आयाबायांना पुढे बसवा आणि आपण खाली बसून लिहा. नाव काय, माहेरचे नाव काय, गाव कोणते, या वस्तीत कोणत्या साली आलात, पहिली खोली कुठे होती, पाणी कुठून आणायचा, बाळंतपण कुठे झाले, किती लेकरे जगली, कोणत्या मोर्चाला गेला होता. वाचता येणाऱ्या नातींनी हे लिहावे. वर्षभरात पालघरपासून तारापूरपर्यंतच्या वस्त्यांच्या अशा वह्या तयार होतील. बाबासाहेबांच्या लढ्याचा हा पुरावा आहे आणि पुरावा वेळेत गोळा केला नाही तर खटला हरतो, हे मी रोज पाहतो.

वहीच्या पहिल्या पानावर लिहू : रमा भिकू धुत्रे, मुक्काम वणंद, तालुका दापोली, नंतर खोली नंबर ५०-५१, पोयबावडी, परळ. त्याच्याखाली प्रत्येकाने आपल्या आईचे नाव लिहावे, माहेरच्या नावासकट.

जयभीम.