थोरले माधवराव पेशवे व त्यांचें कर्ज

मराठ्यांच्या इतिहासाचा पाठ चालूं असतां सायवनकडून येणाऱ्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला. पेशवे हे सावकारांचे ऋणको होते, असें आम्हीं नुकतेंच वर्गांत सांगितलें होतें. त्यावर तो मुलगा उठून उभा राहिला आणि पेशव्यानें कर्ज फेडलें नाहीं तर त्याला गडी म्हणून कोण नेत असे, असें त्यानें मोठ्या गंभीरपणें विचारलें. वर्गांत हशा पिकला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं.

जे वाचक या भागांतले नाहींत त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. डहाणू व तलासरीच्या रानपट्टींत वारली तरुणानें लग्नासाठीं जमीनदार-सावकाराकडून थोडी रक्कम उचलावी, आणि तिच्या फेडीसाठीं त्यानें व त्याच्या बायकोनें त्या धन्याच्या घरीं व शेतावर राबावें, अशी चाल पूर्वीं होती. अशा मनुष्यास लग्नगडी म्हणत. त्याची मजुरी व्याजांतच जिरे. मुद्दल जागचें हलत नसे. १९४५ सालीं शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढारीपणाखालीं वारली लोक उठले व ही चाल मोडली. पुढें १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी साऱ्या देशांत गुन्हा ठरली. तेव्हां त्या मुलाचा प्रश्न पोरकट नव्हता. कर्ज म्हटलें कीं कोणातरी माणसाची पाठ वांकते, एवढें तो घरून शिकून आला होता. त्यास उत्तर देण्यासाठीं म्हणून आम्हीं थोरल्या माधवरावांचें चरित्र पुन्हां एकदां वाचून काढलें.

माधवरावांचा जन्म १७४५ सालच्या फेब्रुवारींत झाला. वडील बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे. आई गोपिकाबाई ही वाईच्या रास्ते यांच्या घरची, आणि रास्ते हे नांवाजलेले सावकार. म्हणजे या मुलाच्या आजोळीं पेढी व वडिलांघरीं कर्ज, असा योग होता. कर्ज हें तर पेशव्यांच्या घरीं वडिलोपार्जित मिळकतीसारखें चालत आलेलें. आजोबा पहिले बाजीराव यांच्या स्वाऱ्या उसन्या पैशावर चालल्या. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे त्यांचे गुरु होते आणि धनकोही होते. गुरूचा तगादा हा इतर तगाद्यांहून हलका असतो असें कोणी समजूं नये. १७४० सालीं बाजीराव वारल्यावर बारामतीचे बाबूजी नाईक (हे पेशव्यांच्या सोयऱ्यांपैकींच, व पुढें मोरोपंत कवीचे आश्रयदाते झालेलें घराणें तें हेंच) यांनीं पेशवेपद स्वतःस मिळावें म्हणून खटपट केली, आणि ती साधेना तेव्हां आपल्या कर्जाच्या वसुलीसाठीं तरुण नानासाहेबांस हैराण करून सोडलें. त्या वेळीं महादोबा पुरंदरे मध्यें पडले म्हणून नानासाहेबांची सुटका झाली.

नानासाहेबांच्या अमदानींत राज्य वाढलें आणि त्याबरोबर देणेंही वाढलें. न्यायमूर्ती रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशा तपासून असें दाखविलें आहे कीं १७४० ते १७६० या वीस वर्षांत काढलेलीं कर्जें सुमारें दीड कोटीचीं होतीं, व त्यांवर शेंकडा १२ ते १८ व्याज पडत असे. अटकेपर्यंत झेंडे नेल्याचा अभिमान आपण सर्वच बाळगतों. परंतु त्या स्वारीहून राघोबादादा परतले ते लुटीऐवजीं सुमारें ८० लाखांचें कर्ज घेऊन परतले, आणि त्यावरून त्यांची व सदाशिवरावभाऊंची जी बाचाबाची झाली तिच्यांतूनच पुढच्या स्वारीवर भाऊ निघाले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत सहसा येत नाहीं. ती स्वारी म्हणजे पानिपत. १४ जानेवारी १७६१ रोजीं तेथें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. त्या घाताची बातमी नानासाहेबांस कळली तीही एका सावकारी पत्रांतून, मोत्यें व मोहरा बुडाल्याच्या व्यापारी भाषेंत. राज्याचा पैसा, राज्याच्या बातम्या, सैन्याचा पगार हें सर्व सावकारांच्या हुंड्यांवरून ये-जा करीत असे, म्हणूनच तसें झालें.

नानासाहेब २३ जून १७६१ रोजीं पर्वतीवर वारले. वडील मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला होता. म्हणून सोळा वर्षांच्या माधवरावास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, व वस्त्रांबरोबर तीं खतेंही मिळालीं.

अशा वेळीं राज्यकर्त्यापुढें वाटा किती असतात? एक, सावकारांस तोंडावर नाहीं म्हणणें. परंतु ज्याची पत गेली त्यास पुढच्या दसऱ्यास फौज उभी करतां येत नाहीं. आणि पगार थकला तर शिपाईच सरदाराच्या दारीं धरणें धरून बसत. दुसरी वाट फार सोपी होती, व तिच्याविषयीं थोडें विस्तारानें सांगणें भाग आहे. मुलखाचा वसूल गोळा करण्यासाठीं सरकार कमाविसदार नेमी. कोणत्या महालांतून किती यावें याचा अंदाज आधीं ठरलेला असे. कमाविसदाराचा पगार व त्याच्या कचेरीचा खर्च ठरलेला असे. तो नेमणुकीच्या वेळीं सरकारांत रसद म्हणून कांहीं रक्कम आगाऊ भरी व ती पुढें वसुलांतून व्याजासह उगवून घेई. आणि वर्षअखेर त्याचा हिशेब फडांत तपासला जाई. याच्या उलट मक्त्याची रीत. जो सर्वांत अधिक रकमेची बोली करील त्यास महाल द्यावा, त्यानें ती रक्कम भरावी, आणि मग रयतेकडून किती काढलें हें त्यास कोणी विचारूं नये. मक्त्यानें सरकारास तात्काळ रोख मिळते व सावकाराचें तोंड बंद होतें. फक्त तें कर्ज शेतकऱ्याच्या खळ्यावरून जातें.

माधवरावांनीं हा मार्ग राज्याचा नियम होऊं दिला नाहीं, यांत आम्हांस त्यांचा मोठेपणा दिसतो. राक्षसभुवनापेक्षांही आम्हीं त्याची किंमत अधिक करतों. इतिहासाच्या शिक्षकानें असें म्हणूं नये कदाचित्, पण म्हणतों. ते हिशेब स्वतः पाहात. कामदारांच्या चोऱ्या त्यांच्या कानावर येत, आणि एकदां आल्या म्हणजे वशिला चालत नसे. रामशास्त्री प्रभुणे यांच्यासारखा निःस्पृह न्यायाधीश त्यांनीं जवळ बाळगला, व त्यानें स्नानसंध्या-जपांत वेळ दवडण्याबद्दल खुद्द धन्यास कान टोंचले तेव्हां राग न धरतां तो वेळ राज्यकारभारास दिला.

वेठीविषयींची त्यांची एक हकीकत ग्रँट डफ यानें आपल्या इतिहासांत नमूद केली आहे, आणि ती आमच्याच बाजूची आहे. हा किनारा, वसईपासून तारापूर-डहाणूपर्यंत, १७३९ च्या सुमारास चिमाजीआप्पांच्या मोहिमेंत पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला होता. वसईस विसाजीपंत नांवाचा मामलेदार होता. गांवकऱ्यांस धरून त्यांच्या डोक्यावरून फुकट ओझीं वाहून नेण्याची चाल तेव्हां सरकारी कामदारांत सर्रास होती. माधवरावांनीं ती बंद करण्याचे हुकूम सोडले होते, परंतु हुकूम कागदावरच राहिले. पुढें असें कळलें कीं या विसाजीपंताचा किमती माल शेतकऱ्यांस वेठीस धरून नेला जात आहे. पेशव्यांनीं तो माल जप्त केला, मामलेदारास जबर दंड ठोठावला, आणि शेतीचें काम सोडून ज्यांस ओझीं वाहावीं लागलीं त्यांची नुकसानभरपाई त्या दंडांतून करविली. नंतर पुन्हां हुकूम काढला तो मात्र मोडण्याची कोणाची छाती झाली नाहीं. ही गोष्ट आम्हीं वर्गांत सांगितली तेव्हां सायवनची मुलें फार शांत बसून ऐकत होतीं. इतका मोठा मामला होऊनही पुढच्या दीडशें-पावणेदोनशें वर्षांत याच मुलखांत वेठ पुन्हां कशी बोकाळली, हा प्रश्न त्यांनीं विचारला नाहीं. विचारला असता तर एका राजाचा धाक त्याच्या आयुष्यापुरताच टिकतो, एवढेंच उत्तर आमच्यापाशीं होतें.

लढायांचा पाढा येथें वाचण्याचें कारण नाहीं. निजामानें १७६३ त पुणें लुटलें, त्याच वर्षीं १० ऑगस्टला राक्षसभुवनावर त्याचा मोड झाला. हैदरावर कर्नाटकांत स्वाऱ्या झाल्या. चुलते राघोबादादा यांच्याशीं तर सगळी कारकीर्द भांडण्यांत गेली: १७६२ सालीं आळेगांवीं माधवराव स्वतः होऊन त्यांच्या स्वाधीन झाले; १७६७ त उत्तरेंतून रिकाम्या हातानें येऊन दादांनीं राज्याचा वांटा मागितला; शेवटीं १७६८ त धोडपच्या लढाईनंतर माधवरावांनीं त्यांस शनिवारवाड्यांत नजरकैदेंत ठेविलें. पुढें उत्तरेंत मराठ्यांचा दरारा पुन्हां बसला व १७७२ सालीं बादशाह शहाआलम मराठ्यांच्या आश्रयानें दिल्लीच्या तख्तावर जाऊन बसला. या प्रत्येक गोष्टीस पैसा लागला. खंडण्या आल्या तशा फौजांच्या पगारांत गेल्या. रानड्यांच्याच हिशेबाप्रमाणें माधवरावांस २४ लाखांचें कर्ज काढावें लागलें. काटकसरी पेशव्यानेंही कर्ज काढलेंच, हें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. लढाया थोड्या केल्या असत्या तर तें थोडें झालें असतें, असें म्हणणारास आम्हीं खोडून काढणार नाहीं. परंतु वडिलांच्या दीड कोटीशेजारीं हा आंकडा ठेवून पाहावा.

त्यांस राजयक्ष्मा जडला होता. हैदरावरील शेवटची स्वारी अर्ध्यावर टाकून त्यांस परतावें लागलें, व पुढें पुण्याजवळ थेऊर येथें चिंतामणि गणपतीच्या सान्निध्यांत ते जाऊन राहिले. तेथें १७७२ च्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांनीं आपल्या इच्छेची नऊ कलमांची याद लिहविली. सत्तावीस वर्षांचा राजा मृत्युशय्येवर काय लिहवील? त्या यादींत तीर्थक्षेत्रांचा विषय आहे, आईच्या काशीयात्रेचा आहे, चुलत्याच्या नेमणुकीचा आहे. पण कर्ज फेडावें हें कलम त्यांत अग्रभागीं आहे. आणि त्याच्याच जोडीस, मक्त्याच्या रीतीनें रयतेस उपद्रव होतो, तिची चौकशी करून बंदोबस्त करावा, हेंही आहे. हीं दोन कलमें शेजारीं शेजारीं यावीं यांत आम्हांस योगायोग वाटत नाहीं. कर्ज तर फेडावयाचें, परंतु तें कोणाच्या अंगावर लोटून नव्हे, असा त्या दोहोंचा मिळून अर्थ होतो.

धनको लोक त्या दिवसांत थेऊरास येत असत. रामचंद्र नाईक परांजपे नांवाच्या सावकारानें सर्व देण्याची हमी आपल्या शिरावर घेऊन पेशव्यांचें मन निश्चिंत केलें, अशी कथा परंपरेनें सांगतात. ती खरी असो वा पुढच्यांनीं सजविलेली असो. सावकाराच्या जातीविषयीं आमच्या भागांत जें ऐकावयास मिळतें त्यापुढें ती ऐकावयास बरी वाटते. तगादा करणाऱ्याचाही जीव माणसाचाच असतो, आणि ऋणको फेडण्याचा यत्न प्रामाणिकपणें करीत आहे असें दिसलें म्हणजे पुष्कळ धनको थांबतात; हा अनुभव लहान संसारांतही येतो.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजीं माधवराव वारले. पत्नी रमाबाई सती गेल्या. धाकटे बंधु नारायणराव यांचा नऊ महिन्यांतच, ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, खून झाला, आणि पुढचा काळ नाना फडणिसांचा. त्यांच्या वेळचें देणें थोडें होतें. शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव यांच्यावर तर कर्जच नव्हतें! उलट त्यांनीं खासगी खजिना भरून ठेविला होता. तो भरला कसा? महाल मक्त्यानें विकून. माधवरावांनीं यादींत ज्या रीतीचा बंदोबस्त करण्यास सांगितलें तीच रीत या पेशव्यांनीं राज्यभर चालविली. सावकारांचा तगादा संपला आणि रयतेमागें मक्तेदारांचा सुरूं झाला. १८१८ त राज्य गेलें. बाजीराव सालीना आठ लाखांची नेमणूक घेऊन ब्रह्मावर्तास जाऊन राहिले.

सहलीच्या दिवसांत आम्हीं वरच्या वर्गांतील मुलांस थेऊरास नेलें. देवळाचा लांकडी सभामंडप पाहून झाल्यावर मुळामुठेच्या कांठीं रमाबाईंच्या स्मारकापाशीं सर्व बसलों. तो सायवनचा मुलगा आमच्याजवळ येऊन बसला, व पेशव्यांचें कर्ज २४ लाखच होतें हें आज कसें कळतें, असें त्यानें विचारलें. रोजनिशींत लिहिलें आहे, असें आम्हीं सांगितलें. तो कांहीं वेळ पाण्याकडे पाहात राहिला. मग म्हणाला कीं त्याचा पणजा लग्नगडी होता व धन्याच्या वाडींतच मेला. पण त्याचें खत किती रुपयांचें होतें हें घरीं कोणासच ठाऊक नाहीं.