देवाचे वचन आणि रक्ताचा सिद्धांत: डीट्रिख बोनहोफर

राष्ट्र, रक्त, पुढारी, तारण हे शब्द जर्मन भाषेत १९३३ पूर्वीही होते. त्या वर्षी मात्र त्यांचे अर्थ पाहता पाहता पालटले, आणि नव्या अर्थांनिशी ते मंडळीच्या व्यासपीठावरूनही उच्चारले जाऊ लागले. डीट्रिख बोनहोफर यांच्या मरणाची हकिकत आपणांपैकी अनेकांनी उपदेशांतून ऐकली असेल. शास्त्राच्या भाषांतरात आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांच्या जीवनाची दुसरी एक बाजू अधिक जवळची वाटते. एका विचारसरणीने मंडळीची भाषाच बळकावली असता त्यांनी काय केले, ते येथे आपणांपुढे ठेवतो.

त्यांचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ रोजी ब्रेस्लाऊ येथे झाला. वडील कार्ल हे मानसोपचाराचे नामांकित प्राध्यापक. १९१२ साली कुटुंब बर्लिनला आले. घर विद्याप्रेमी व संगीतप्रेमी होते, नियमाने उपासनेस जाणारे नव्हते. या घरातील मुलाने ईश्वरविज्ञानाची वाट धरली आणि वयाच्या २१ व्या वर्षी डॉक्टरेट मिळविली. १९३०-३१ मध्ये ते न्यूयॉर्कला युनियन सेमिनरीत होते. तेथे हार्लेममधील एका कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट मंडळीत ते उपासनेस जात, संडेस्कूलात शिकवीत. स्वतःस ख्रिस्ती म्हणविणारा समाज वर्णाच्या नावाने माणसे कशी वेगळी काढतो, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला. दोनच दिवसांनी बोनहोफर यांचे रेडिओवर भाषण झाले. अनुयायांना आपले दैवत बनवू देणारा पुढारी त्यांना आडवाटेस नेतो, असा त्यांचा मुद्दा होता. भाषण संपण्यापूर्वीच प्रक्षेपण तुटले. १ एप्रिलला यहूदी दुकानांवर बहिष्कार पुकारण्यात आला, तेव्हा नव्वदीतील त्यांच्या आजी पहारेकऱ्यांच्या रांगेतून सरळ चालत जाऊन खरेदी करून आल्या. ७ एप्रिलच्या कायद्याने यहूदी वंशाच्या माणसांना सरकारी नोकऱ्यांतून काढण्यास आरंभ झाला.

याच महिन्यातील एक गोष्ट चरित्रलेखकांना झाकता आली असती; त्यांनी झाकली नाही, हे बरे. बोनहोफर यांची जुळी बहीण साबीने हिचे सासरे यहूदी होते, त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. ते वारले. अंत्यविधी डीट्रिखने चालवावा, अशी घरच्यांची इच्छा होती. त्यांनी वरिष्ठांचा सल्ला घेतला आणि नकार दिला. काही महिन्यांनी त्यांनी बहिणीच्या कुटुंबाला पत्र लिहून याबद्दल क्षमा मागितली. ज्या मनुष्याने त्याच दिवसांत यहूदी प्रश्नावर निबंध लिहून, राज्यसत्तेच्या चाकाखाली सापडलेल्यांना, ते ख्रिस्ती नसले तरीही, मंडळीने साहाय्य करावे व प्रसंगी ते चाकच अडवावे असे सुचविले, त्याचेही पाऊल घरच्या मरणापाशी अडखळले. त्या निबंधातही यहूद्यांविषयीचे जुने ख्रिस्ती पूर्वग्रह उरलेच आहेत. विचारसरणीचा वारा बंद दारांतूनही आत येतो तो असा.

दार तर मंडळीने उघडलेच होते. ‘जर्मन ख्रिस्ती’ नावाच्या पक्षाने जुलै १९३३ च्या मंडळीच्या निवडणुका मोठ्या बहुमताने जिंकल्या. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या मंडळीने वंशाची अट आपल्या पाळकांनाही लावली. १३ नोव्हेंबरला बर्लिनच्या क्रीडागृहात सुमारे २०,००० लोकांपुढे या पक्षाच्या एका वक्त्याने जुना करार टाकून देण्याची मागणी केली. ऑगस्टमध्ये बोनहोफर यांनी इतरांसह बेथेल येथे एका विश्वासपत्राचा मसुदा केला होता. वडीलधाऱ्यांनी तो इतका मवाळ केला की त्यांनी सही नाकारली आणि ते लंडनच्या जर्मन मंडळ्यांच्या सेवेस निघून गेले. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे कार्ल बार्थ यांच्या लेखणीतून उतरलेले सुप्रसिद्ध जाहीरपत्र निघाले. ते थोरच आहे. पण त्यात यहूद्यांविषयी एक अक्षर नाही, हेही वाचताना ध्यानात ठेवावे.

याच काळात महात्मा गांधींच्या आश्रमात येऊन राहावे, असे त्यांच्या मनात होते. १९३४ मध्ये गांधीजींचे आमंत्रणही गेले. पण १९३५ साली ते स्वदेशी परतले, ते फिंकेनवाल्डे येथे पाळकांचे एक लहानसे शिक्षणालय चालविण्यासाठी. तेथे दररोज स्तोत्रांनी प्रार्थना होई. १९३७ मध्ये गुप्त पोलिसांनी त्यास कुलूप ठोकले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री देशभर यहूद्यांची सभास्थाने जाळण्यात आली. बोनहोफर यांनी आपल्या बायबलात ७४ वे स्तोत्र काढले, देवाच्या सभास्थानांच्या दहनाविषयीच्या ओळीखाली रेघ ओढली आणि समासात तारीख लिहिली.

आता वाचकांनी पुढील दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. मे १९३९ मध्ये वार्टबुर्गच्या गढीत एका संस्थेचे उद्घाटन झाले. मंडळीच्या जीवनातून यहूदी प्रभाव नाहीसा करणे, हे तिचे कार्य. वार्टबुर्ग म्हणजे जेथे मार्टिन लूथरने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले तीच गढी! १९४० मध्ये या संस्थेने आपला ‘शुद्ध’ केलेला नवा करार छापला. त्यातून जुन्या कराराचे दाखले व इब्री नावे होतील तेवढी गाळली होती. तिच्या गीतपुस्तकातून हालेलूयासारखे शब्दही गेले. आपण मराठी उपासनेत हालेलूया, होसान्ना, आमेन हे शब्द भाषांतर न करता जसेच्या तसे जपले आहेत. ते उपटले तर हाती काय उरेल, याची कल्पना करावी. त्याच १९४० साली बोनहोफर यांनी स्तोत्रसंहिता हे येशूचे प्रार्थनापुस्तक आहे असे सांगणारी एक लहान पुस्तिका प्रसिद्ध केली. सरकारी लेखकमंडळाने त्यांना दंड केला आणि १९४१ मध्ये लेखनबंदी घातली.

पुढची कथा आपणांस परिचित आहे. १९३९ च्या जूनमध्ये अमेरिकेत सुरक्षित पोहोचलेले बोनहोफर, देशाच्या संकटात वाटेकरी न झाल्यास त्याच्या उभारणीत आपला अधिकार नाही, या जाणिवेने जुलैत परतले. मेहुणे हान्स फोन डोनान्यी यांच्यामार्फत ते लष्करी गुप्तहेर खात्यात शिरले आणि हिटलरविरोधी कटात सामील झाले. १९४२ मध्ये या गटाने १४ जणांना, बहुतेक यहूदी वंशाच्या, स्वित्झर्लंडला सुखरूप पोहोचविले. ५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक झाली.

टेगेलच्या तुरुंगात त्यांच्या चिंतनाचा विषय पुन्हा शब्दच होता. मे १९४४ मध्ये भाचीच्या मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी त्यांनी कोठडीतून काही विचार लिहून पाठविले. समेट, तारण, नवा जन्म हे शब्द आता मंडळीच्या तोंडी दुर्बोध झाले आहेत, कारण ती इतकी वर्षे केवळ स्वतःस वाचविण्यासाठी झगडली. ते पुन्हा उच्चारण्यासारखे होईपर्यंत प्रार्थना व न्यायाचे आचरण एवढेच हाती आहे, असा त्यांचा आशय होता. त्यांनी दोष नाझींच्या माथी मारला नाही. भाषांतराच्या मेजावर ‘समेट’ हा शब्द लिहिताना मला त्या बाळाची आठवण होते.

९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी दिले. वय ३९ वर्षे. दोन आठवड्यांनी अमेरिकन सैन्याने ती छावणी मुक्त केली. त्याच एप्रिलमध्ये त्यांचे बंधू क्लाउस व दोन मेहुणेही मारले गेले. २७ जुलै रोजी लंडनमध्ये त्यांच्यासाठी स्मरणोपासना झाली, तिचे बीबीसीने प्रक्षेपण केले, आणि बर्लिनच्या घरी त्यांच्या वृद्ध आईवडिलांनी ती रेडिओपाशी बसून ऐकली.