विमान-कारखान्याचे प्रवर्तक : शेठ वालचंद हिराचंद

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले, त्या वेळी आपल्या विशाल देशात विमाने बांधणारा एकही कारखाना नव्हता. ही उणीव दूर करण्याचे साहस ज्या पुरुषाने केले, त्या शेठ वालचंद हिराचंद यांच्या चरित्राचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे, दोशी घराण्यात झाला. मुंबई व पुणे येथील शिक्षण अर्धवट सोडून ते वडिलोपार्जित व्यापारात शिरले. परंतु सावकारीत व कापसाच्या सौद्यात त्यांचे मन रमेना. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली आणि यश मिळविले. पुढे ‘सिंदिया’ या नौकानयन कंपनीच्या संस्थापकांत ते अग्रेसर होते. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली. परकीय कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर पाडून ही स्पर्धा चिरडण्याचा यत्न केला. तरी वालचंद मागे हटले नाहीत. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

१९३९ साली विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत होते. जे चीनमध्ये घडते ते हिंदुस्थानात का घडू नये, हा विचार वालचंदांच्या मनात रुजला. सरकारदरबारी संमती मिळण्यास विलंब लागला. पण म्हैसूर संस्थानाने भांडवल व जमीन देऊन त्यांना साथ दिली. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगलोर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनीची स्थापना झाली. यंत्रसामग्री अमेरिकेतून आली आणि १९४१ सालीच ‘हार्लो’ जातीचे पहिले विमान तयार झाले.

विमान जोडून झाले म्हणजे काम संपत नाही. परीक्षक वैमानिकाने ते प्रथम आकाशात नेऊन त्याचा वेग, तोल व यंत्राची शक्ती पारखावी लागते. खिळ्या-बोल्टातील एखादी चूकही त्याच्या प्राणावर बेतू शकते. म्हणून कारखान्यातील प्रत्येक कारागिराच्या हातावर वैमानिकाचे जीवित अवलंबून असते.

परंतु वालचंदांना हे वैभव फार काळ पाहता आले नाही. जपानी सैन्य सिंगापूर व रंगून जिंकून हिंदुस्थानच्या सीमेकडे येऊ लागले, तेव्हा २ एप्रिल १९४२ रोजी सरकारने मोबदला देऊन त्यांचे भाग घेतल्याचे जाहीर केले. अवघ्या सोळा महिन्यांत कारखाना त्यांच्या हातून गेला. पुढील वर्षी तो अमेरिकन सैन्याकडे सोपविण्यात आला आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील विमानांची तेथे दुरुस्ती होऊ लागली.

दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. वालचंदांनी मात्र विशाखापट्टणमची जहाजबांधणी पुढे चालविली. तेथील ‘जलउषा’ जहाज १९४८ साली पाण्यात उतरले. मोटारींसाठी त्यांनी ‘प्रीमियर’ कंपनी काढली. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. तत्पूर्वी, १९५१ साली, बंगलोरच्या त्याच कारखान्यातून ‘एच. टी. २’ हे भारतीय बनावटीचे शिकाऊ विमान आकाशात झेपावले होते. त्याचा आराखडा कोल्हापूरकडील डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झाला होता. १९६४ पासून हाच कारखाना ‘हिंदुस्थान एअरोनॉटिक्स’ या नावाने ओळखला जातो.

आमच्या मोहगाव परिसरात संत्र्याची कलम लावणाऱ्यास पहिल्या बहारासाठी काही वर्षे थांबावे लागते. कधी बाग दुसऱ्याच्या हाती जाते, पण झाड फळ द्यावयाचे राहत नाही. वालचंदांनी लावलेल्या रोपट्याचे तसेच झाले. मालकी गेली, कार्य मात्र टिकले. विद्यार्थिमित्रांनी या चरित्रापासून घ्यावयाचा बोध हाच, असे आम्हांस वाटते.