मुक्या माशांची कैवारी : रेचल कार्सन

रणांगणावर पराक्रम गाजविणाऱ्या वीरांचीं चरित्रें आपण आवडीनें वाचतों. परंतु हातांत केवळ लेखणी घेऊन, ज्यांना स्वतःचें दुःख बोलून दाखवितां येत नाहीं अशा जीवांसाठीं झगडणारींचें चरित्रही तितकेंच बोधप्रद असतें.

रेचल कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत, आलेघेनी नदीजवळील स्प्रिंगडेल गांवीं झाला. घरची स्थिति बेताचीच होती. परंतु आईला सृष्टिनिरीक्षणाची आवड असल्यामुळें पक्षी, किडे व झाडें ओळखण्याची गोडी मुलीस लहानपणींच लागली. १९१८ सालीं तिची पहिली गोष्ट मुलांच्या एका मासिकांत छापून आली.

लेखिका होण्याच्या इच्छेनें त्या महाविद्यालयांत गेल्या. पण तेथें जीवशास्त्रानें त्यांचें मन वेधून घेतलें. १९३२ सालीं जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठाची एम्. ए. पदवी त्यांनीं मिळविली. गोड्या पाण्यांतील एका मिशाळ माशाच्या गर्भांत मूत्रपिंड कसें वाढतें, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९३५ सालीं वडील वारले व कुटुंबाचा भार त्यांच्यावर पडला. पुढील वर्षीं सरकारी मत्स्यखात्यांत त्यांना नोकरी मिळाली. त्यांच्या समुद्रावरील ग्रंथास मोठी कीर्ति लाभल्यावर १९५२ सालीं त्यांनीं ती सोडली व लेखनास वाहून घेतलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर डी. डी. टी. नामक कीटकनाशकाचा सर्वत्र गवगवा झाला होता. १९५४ सालीं कानडांत मिरामिची नदीच्या खोऱ्यांतील झाडांवर पडलेली कीड मारण्यासाठीं विमानांतून त्याचा फवारा मारण्यांत आला. दोन दिवसांच्या आंत नदीकाठीं सालमन व ट्राउट मासे मरून पडूं लागले. ज्या किड्यांच्या अळ्यांवर सालमनचीं पिलें जगतात, त्याही मेल्या. म्हणून जीं पिलें विषांतून वांचलीं, त्यांना उपासमार भोगावी लागली.

कॅलिफोर्नियांतील क्लिअर लेक सरोवराची कथा याहून विलक्षण आहे. तेथें चिलटें मारण्यासाठीं त्याच जातीचें एक औषध १९४९ पासून तीन वेळां घातलें गेलें. पाण्याच्या ५ ते ७ कोटि भागांस औषधाचा केवळ एक भाग, इतकें तें अल्प होतें. परंतु हें विष पाण्यापेक्षां चरबींत अधिक विरघळतें व सहसा बाहेर पडत नाहीं. सूक्ष्म जीवांतून तें लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत साठत गेलें. आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या चरबींत त्याचें प्रमाण १० लाखांत १६०० भाग इतकें आढळलें. ते पक्षी शेंकड्यांनीं मेले.

हे सर्व पुरावे गोळा करून कार्सनबाईंनीं १९६२ सालीं ‘सायलेंट स्प्रिंग’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. औषधें करणाऱ्या कारखानदारांनीं त्यांच्यावर टीकेचा भडिमार केला. त्या वेळीं त्यांच्या शरीरांत कर्करोग पसरत होता. परंतु सहानुभूतीचा आधार न घेतां त्यांनीं तो लोकांपासून लपवून ठेविला. सर्व औषधें बंद करा, असें त्यांचें म्हणणें नव्हतें. परिणाम जाणून, विवेकानें वापरा, एवढाच त्यांचा आग्रह होता. १९६३ सालीं अध्यक्ष केनेडी यांच्या शास्त्रज्ञ मंडळानें त्यांच्या म्हणण्यास पुष्टि दिली.

१४ एप्रिल १९६४ रोजीं, वयाच्या ५६ व्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. १९७२ सालीं अमेरिकेनें शेतींतील डी. डी. टी.चा वापर बंद केला. तें पाहण्यास त्या हयात नव्हत्या.

विद्यार्थिमित्रहो, ओढ्यांत टाकलेली घाण वाहून गेली म्हणजे नाहींशी झाली, असें आपणांस वाटतें. ती नाहींशी होत नाहीं. ती कोणाच्या तरी शरीरांत घर करते, व कधीं आपल्याच ताटांत परत येते. हें सत्य या बाईंनीं दुखण्याची पर्वा न करितां सांगितलें. आपण निदान आपल्या गांवच्या पाण्यापुरतें तरी तें लक्षांत ठेवूं या.