फ्रॉईड यांचे दोन डॉक्टर

सिग्मंड फ्रॉईड म्हटले की स्वप्ने, सुप्त मन आणि रुग्णाला आडवे झोपवण्याचा तो प्रसिद्ध कोच आठवतो. त्यांची शेवटची १६ वर्षे तोंडाच्या कर्करोगासोबत गेली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

एप्रिल १९२३ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, अखंड सिगार ओढणाऱ्या फ्रॉईड यांनी टाळूच्या उजव्या बाजूची गाठ आपले डॉक्टर फेलिक्स डॉइच यांना दाखवली. ते स्वतः डॉक्टर होते, गाठ कसली असावी याचा अंदाज त्यांना होता. यातना सोसत मरायची वेळ आली तर सन्मानाने जायला मदत करावी, अशी विनंतीही त्यांनी केली. डॉइच नेमके त्यानेच घाबरले. रोग त्यांनी ओळखला होता, पण हा माणूस जिवाचे काही बरेवाईट करून घेईल या भीतीने त्यांनी तंबाखूमुळे पडणारा पांढरा चट्टा आहे, एवढेच सांगितले.

गाठ काढताना खूप रक्तस्राव झाला. तपासणीत कर्करोग निघाला, तरी रुग्णाला कळू दिले नाही. जूनमध्ये साडेचार वर्षांचा लाडका नातू क्षयाने गेला, मग तर सांगायला कोणी धजेना. जवळच्या सहकाऱ्यांना खरे कळले होते. ज्याचा रोग, तो सोडून बाकीच्यांना माहीत, ही गोष्ट आमच्या वॉर्डात आजही रोजची आहे. नातेवाईक दाराबाहेर गाठून हळूच सांगतात, त्यांना काही बोलू नका. आत रुग्ण आमच्या चेहऱ्याकडे बघत असतो.

फ्रॉईड यांना शरद ऋतूत सांगितले गेले. ऑक्टोबरात हान्स पिखलर यांनी वरच्या जबड्याचा उजवा भाग आणि टाळू काढला. नाक आणि तोंड वेगळे राखणारी बोजड कवळी आयुष्यभर सोबत आली. फ्रॉईड रोगापेक्षा लपवाछपवीने अधिक दुखावले. डॉइच यांच्याशी मैत्री पुढे सांधली गेली, पण त्यांना पुन्हा आपले डॉक्टर केले नाही.

१९२९ मध्ये तरुण माक्स शूर त्यांचे डॉक्टर झाले. फ्रॉईड यांनी सुरुवातीलाच दोन गोष्टी मागितल्या: नेहमी खरे सांगायचे आणि वेळ आली की विनाकारण हाल होऊ द्यायचे नाहीत. डॉइच यांना जी आत्महत्येची धमकी वाटली, ती खरे तर वेदनेची भीती होती, असे मला वाटते. शूर यांनी ती तशी ऐकली. किती दिवस उरले, या रुग्णाच्या प्रश्नामागे बहुधा हीच भीती असते. नुसता आकडा सांगून ती जात नाही. शिवाय आकडे चुकतात. १९२३ मध्ये हाच रुग्ण आणखी १६ वर्षे जगेल, असे कोण म्हणाले असते?

तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. १९३८ मध्ये नाझींमुळे व्हिएन्ना सोडून ते लंडनला गेले. १९३९ मध्ये रोग शस्त्रक्रियेपलीकडे गेल्याचेही त्यांना कळले. तरी उन्हाळ्यापर्यंत ते रुग्ण तपासत होते. डोके सुन्न करणारी औषधे ते टाळत.

२१ सप्टेंबरला त्यांनी शूर यांना जुन्या शब्दाची आठवण दिली आणि मुलगी अ‍ॅना हिला सांगायला सांगितले. शूर यांनी मॉर्फिन दिले. आपल्याकडे कायदा यातले शेवटचे पाऊल टाकू देत नाही. वेदनेसाठी मॉर्फिन द्यायला मात्र मनाई नाही, तरी घरचे त्या नावानेच दचकतात. फ्रॉईड यांना झोप लागली. २३ सप्टेंबरच्या पहाटे ते गेले.