नाव शेतकऱ्याचं, नाद खाणींचा

आपल्या इगतपुरीत धातूची खाण नाही. काळा पाषाण, धो धो पाऊस आणि घोटीकडे पसरलेली भातखाचरं, हीच आपली दौलत. मग खाणीवाल्या माणसाचं चरित्र इथे कशाला? कारण या माणसाचं आडनावच शेतकरी होतं!

जॉर्ज बाउअर. जर्मन भाषेत बाउअर म्हणजे शेतकरी. तेव्हाच्या विद्वानांच्या रीतीप्रमाणे त्यांनी त्याचं लॅटिन केलं, अ‍ॅग्रिकोला. जन्म २४ मार्च १४९४, सॅक्सनीतल्या ग्लाउखाऊ गावी. लायप्झिगला शिकून ते इटलीत वैद्यकी शिकले आणि १५२७ मध्ये योआखिमस्थाल या चांदीच्या खाणींच्या गावात डॉक्टर झाले. इथल्या थालर नाण्यावरूनच डॉलर हा शब्द आला.

पेशंट बहुतेक खाणकामगार. धुळीने फुफ्फुसं पोखरलेली, कोबाल्टच्या खनिजाने हातपाय खाल्लेले. डॉक्टरसाहेब नुसतं औषध देऊन थांबले नाहीत. रोग कुठून येतो ते बघायला खाणीत उतरले. जाड बूट, लांब हातमोजे, तोंडावर फडकं आणि खाली हवा पोचवणारे पंखे-भाते, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं. सेफ्टीचा तासच म्हणा ना!

पुढे केम्निट्झला ते डॉक्टर होते, नगराध्यक्षही झाले. २१ नोव्हेंबर १५५५ ला ते वारले आणि खाणकामावरचा त्यांचा बारा भागांचा ग्रंथ १५५६ मध्ये छापून आला. धातूची शीर जमिनीखाली असेल तर वरच्या झाडांची पानं निळसर, शिशाच्या रंगाची दिसतात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे माती बोलते, हे त्यांना ठाऊक होतं.

याच ग्रंथात लोकांची तक्रारही आहे. शेतं उजाड झाली, जंगल तुटलं, खनिज धुतलेल्या पाण्याने ओढ्यातले मासे मेले. अ‍ॅग्रिकोलांनी ती लपवली नाही, पण उत्तर मात्र खाणींच्या बाजूने दिलं. जंगल गेलं तिथे धान्य पिकेल, मिळालेल्या पैशात मासे विकत घेता येतील.

इथे ते चुकले. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक कुजत नाहीत, जळत नाहीत. केम्निट्झजवळच्या फ्रायबर्ग भागात जुन्या खाणी-भट्ट्यांचं हे देणं मातीत अजून सापडतं. मातीतून ते पिकात जातं, धुळीतून लेकरांच्या पोटात.

आपल्याला यातून काय घ्यायचं? आपल्या बसाल्टच्या मातीत निकेल, क्रोमियम, तांबं मुळातच जरा जास्त असतं. म्हणून कुठलाही प्रकल्प सुरू होण्याआधी मातीचा नमुना घ्यायलाच हवा. आधीची नोंद नसेल, तर नंतर दोष दगडाचा की कारखान्याचा, हे ठरवणार कसं? उद्या रिपोर्टवर तुमची सही असेल. त्यात शेतकऱ्याच्या तक्रारीचं पान असू द्या. आणि उत्तर लिहिण्याआधी माती तपासा.